माझं १३० आणि तुमचं १३०

खुर्चीत, म्हणजे व्हीलचेअरमध्ये, बसलेलो असताना माझं बीपी ८५/५५ असतं, चांगल्या दिवशी ९०/६०. हे वाचून तुमच्या तोंडून "अरे बापरे" निघालं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे, आणि "मग त्यात काय" असं वाटलं असेल तर तुम्ही बहुतेक माझ्याच जातकुळीतले, म्हणजे मान मोडलेले, किंवा अशा कुणाला रोज सकाळी खुर्चीत बसवणारे.

अपघात, मानेचा मणका, सी-५ सी-६ लेव्हल. खांदे चालतात, कोपर वाकतं, मनगट थोडं वर उचलतं, बोटं नाहीत, छातीखाली काही नाही. एवढं पुरे, ती गोष्ट सांगायचा मला आता खरंच कंटाळा येतो, रात्र होती आणि वळणावर वाळू सांडलेली होती, संपलं. भेटायला येणारे हातापायांचंच विचारतात, बोटात काही जाणवतं का, पाय जरा तरी हलतो का, आणि त्यांचं काही चुकत नाही, जे दिसतं त्याबद्दलच माणूस विचारणार. पण माझा आजचा दिवस कसा जाणार, मी जेवणाच्या टेबलापाशी बसणार का पलंगावरून छत बघणार, हे सगळं ठरतं बीपीवर आणि त्याबद्दल आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही.

होतं काय ते साध्या भाषेत सांगतो. आमच्या अपार्टमेंटला चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही ही जुनी तक्रार आहे, टाकीत पाणी असतं, मोटर चालू असते, पण खालच्या सगळ्यांनी नळ मोकळे सोडले की वर नुसती फुस्स हवा येते. तसंच. माणूस आडव्याचा उभा झाला की अर्धा ते एक लिटर रक्त खाली पोटात आणि पायात उतरतं, हे तुमचंही होतं, रोज होतं, तुम्हाला कळत नाही कारण मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधले सेन्सर मेंदूला खबर देतात आणि मेंदू लगेच सिम्पथेटिक नसांमार्फत खालच्या रक्तवाहिन्यांना आवळून धरतो. या नसा पाठीच्या कण्यातून छाती आणि वरच्या कमरेच्या भागात बाहेर पडतात, टी-१ ते एल-२. माझा हुकूम मानेतच अडतो. खबर वर जाते, मेंदूला सगळं कळतं, पण खाली ऑर्डर पोचत नाही. आणि गंमत अशी की हृदयाची गती कमी करणारी वेगस नावाची नस कवटीतूनच निघते, मणक्यातून येतच नाही, त्यामुळे ती माझी एकदम ठणठणीत आहे. हळू चाल सांगणारा हजर आणि जोरात चाल सांगणारा गायब.

डॉक्टरी व्याख्येप्रमाणे उठून बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० नी किंवा खालचं १० नी पडलं तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. सुरुवातीला रिहॅबमध्ये टिल्ट टेबलवर माझं याच्या दुप्पट पडायचं. पायाच्या बोटांपासून मांडीपर्यंत क्रेप बँडेज, पोटाला रुंद पट्टा, गुडघ्याला आणि छातीला बेल्ट, मग टेबल हळूहळू उभं करायचं. फिजिओ मॅडम एकच सांगायच्या, बोलत राहा, काहीही बोला. मला वाटायचं माझं मन रमवतायत. नंतर कळलं की त्या माझा आवाज ऐकत असायच्या, बीपी पडायला लागलं की आवाज आधी बारीक होतो, मशीनचा पट्टा फुगून आकडा येईपर्यंत उशीर झालेला असतो. आजही आमच्या घरात हीच पद्धत आहे. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, मी "ओ" देतो, आणि त्या "ओ" वरून तिला कळतं.

मला स्वतःला कळतं ते असं. आधी जांभया, एकामागून एक. मग मानेत आणि दोन्ही खांद्यांवर एक जड दुखणं, आपण शर्टचा हँगर लावतो ना त्या आकारात, पुस्तकात त्याचं नावच कोटहँगर पेन आहे. मग कान बंद होतात, समोरचा माणूस लांबून बोलतोय असं वाटतं, मग कडेकडेने करडं होत जातं आणि मधे एक छोटं वर्तुळ उरतं. तिथपर्यंत गेलं की मी फक्त एक शब्द म्हणतो, "मागे". मामा, म्हणजे माझ्याकडे दिवसभर असणारे अटेंडंट, खुर्चीचे ब्रेक लावून मागे उभे राहतात आणि अख्खी खुर्ची स्वतःच्या मांडीवर मागे कलंडवतात, डोकं खाली, पाय वर. मिनिटभरात रंग परत येतात. आता टिल्ट होणारी खुर्ची आहे त्यामुळे मामांच्या मांड्या वाचल्या.

सकाळचा कार्यक्रम त्यामुळे मोठा आहे. पलंगावर डोकं थोडं वर असतानाच मिडोड्रिनची गोळी आणि दोन ग्लास पाणी, एकदम प्यायचं, घोट घोट नाही, एकदम प्यायलेलं पाणी बऱ्याच जणांचं बीपी थोडा वेळ का होईना वर उचलतं. मग पलंगावरच, उठायच्या आधी, मांडीपर्यंतचे घट्ट स्टॉकिंग्ज आणि पोटाचा बाइंडर, कारण एकदा रक्त खाली उतरलं की मग बांधून उपयोग नाही. मग पलंगाचं डोकं टप्प्याटप्प्याने वर. मग पाय खाली. मग खुर्ची, तीही आधी मागे कललेली. मिडोड्रिन अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते, रक्तवाहिन्या आवळते, आणि लागू पडली की डोक्याच्या कातडीवर मुंग्या चालल्याचा भास होतो, पहिल्यांदा मी आईला उवा बघायला लावल्या होत्या. तीन-चार तासांत तिचा जोर ओसरतो. झोपायच्या आधीच्या चार तासांत ती घ्यायची नाही कारण आडवं पडल्यावर तीच गोळी बीपी भलतीकडे नेऊन ठेवते. म्हणजे दुपारी जरा पाठ टेकावीशी वाटली तरी आधी घड्याळ बघायचं. दुसरं औषध फ्लुड्रोकॉर्टिसोन, ते शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, त्यात पोटॅशियम घसरतं, पाय सुजतात. मला काही महिने दिलं होतं, मग बंद केलं. हे माझं झालं, तुमचं तुमच्या डॉक्टरांशी बोला, माझ्या लेखावरून गोळी आणायला जाऊ नका.

पाणी प्या म्हणणं सोपं आहे. मला लघवीची जाणीव नाही, दिवसातून ठरलेल्या वेळी नळी घालून काढावी लागते, आणि मूत्राशयात ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही असं शिकवलंय. त्यामुळे बीपीसाठी पाणी वाढवलं की नळीचं टाइमटेबल कोलमडतं, नळी सांभाळायला पाणी कमी केलं की बीपी कोलमडतं. वर रात्रीचा वेगळाच प्रकार, दिवसभर पायात उतरून बसलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि किडनीला वाटतं अरे खूप झालं, मग ती रात्रभर लघवी बनवते, पहाटे अंग कोरडं आणि सकाळचं बीपी दिवसातलं सगळ्यात वाईट. पलंगाचं डोकं रात्रीसुद्धा थोडं वर ठेवलं की हे जरा कमी होतं.

मिठाची तर आमच्या घरात फाळणीच झालीये. बाबांना हाय बीपी, वर्षानुवर्षं गोळी चालू, डॉक्टरांनी लोणचं पापड बंद केलेलं. आणि त्याच टेबलावर मला डॉक्टर सांगतात मीठ जास्त खा. आई एकच आमटी करते अळणी, आणि माझ्या वाटीत वरून घालते, ताकात मीठ, पेरूला मीठ, आणि बाबा माझ्या ताटातल्या पापडाकडे ज्या नजरेने बघतात ती नजर मला आवडते, खरं सांगायचं तर अपघातानंतर माझा हेवा करणारा घरात तो एकच माणूस आहे.

सल्ले येतच राहतात. बीट, डाळिंब, खजूर, कॉफी. कॉफीचं ठीक आहे, थोडी मदत होते. पण एका काकूंनी ज्येष्ठमध रोज चघळायला आणून दिलं, बीपी वाढतं म्हणे. आणि ते खरंच वाढवतं, तेच तर संकट आहे, ज्येष्ठमध जास्त झालं की बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, आणि मी तेव्हा नेमका फ्लुड्रोकॉर्टिसोनवर होतो. काकूंना नको म्हणून सांगताना आईला फार अवघड गेलं. घरगुती म्हणजे निरुपद्रवी हे आपल्याकडे कुणी ठरवलं कोण जाणे.

उलटं पण आहे, बीपी पाडणाऱ्या गोळ्या आपण दुसऱ्याच कारणासाठी खात असतो. पायांचे झटके कमी करायला बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन, मूत्राशयाचं तोंड सैल पडावं म्हणून टॅमसुलोसिन, झोप आणि नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन. प्रत्येक डॉक्टर आपापल्या अवयवापुरता बरोबर असतो. माझे झटके खूप होते म्हणून डोस वाढवला, झटके थांबले, सगळे खुश, आणि मी खुर्चीत टिकेना. पायाचे ते वैतागवाणे झटके स्नायू आवळून रक्त वर ढकलत होते हे नंतर लक्षात आलं. आता डोस मधला ठेवलाय, थोडे झटके राहू दिलेत.

आणि सांगलीचा एप्रिल-मे. मला मानेखाली घाम येत नाही म्हणजे उष्णता बाहेर जायचा रस्ताच बंद, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी अजून खाली, आणि अंग तापलं की घरच्यांना कळत नाही हा ताप आहे की ऊन. झाडांना पाणी मारायची स्प्रेची बाटली खुर्चीला अडकवलेली असते, ओला पंचा मानेवर, आणि दुपारी बारा ते पाच बाहेर जाणं बंद. पण नेहमीच्या हवेत, नेहमीच्या जेवणात अचानक चक्कर वाढली तर मात्र ऊन आणि मीठ यांच्यावर ढकलायचं नाही, लघवी तपासायची, पाठीवर आणि बैठकीच्या जागी कुठे जखम होतेय का बघायचं, कारण इन्फेक्शन आधी बीपीत दिसतं, थंडी-ताप मागून येतो.

आता लग्नाची गोष्ट. मिरजेला चुलत बहिणीचं लग्न, मंगल कार्यालय, मे महिना. जायचंच होतं मला. प्रवासात दर चार तासांनी नळी घालायला जागा कुठे मिळणार म्हणून त्या दिवशी फोली कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात कायम राहणारी नळी, आणि पिशवी लावली होती, स्टॉकिंग्ज, बाइंडर, स्प्रे, सगळी तयारी. दुपारी जेवण, जिलबी, मसालेभात, मठ्ठा, आग्रह. भरपेट जेवलं, त्यातही गोड आणि भात, की रक्त पोटाकडे धावतं आणि पुढचे दोनेक तास बीपी आणखी खाली राहतं, हे मला माहीत आहे, म्हणून मी थोडंच खाल्लं, पण हॉलमध्ये गर्दी, उकाडा, आणि मामा हात धुवायला गेलेले. जांभया सुरू झाल्या. मी "मागे" म्हणालो पण आवाज नव्हता, आणि सनई मोठ्याने चालू होती. मान पुढे पडलेली कुणीतरी पाहिली आणि मग जे होतं तेच झालं, दहा माणसं धावली. एकाने काखेत हात घालून मला ओढून एकदम ताठ बसवलं, "सरळ बसवा त्याला, सरळ". एक काकू साखर घेऊन आल्या, तोंडात घालायला. एकाने कांदा फोडून आणला. सगळे प्रेमाने, शंभर टक्के प्रेमाने. पण ताठ बसवल्याने उरलंसुरलं रक्तही खाली गेलं, आणि माझा खोकला इतका कमजोर आहे की शुद्ध हरपत असताना तोंडात साखर-पाणी गेलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं, चक्कर परवडली. मामा धावत आले, सगळ्यांना बाजूला ढकललं आणि खुर्ची मागे पाडली. लोक ओरडले, अहो पाडताय काय! दोन मिनिटांनी मी डोळे उघडून म्हणालो, अक्षता झाल्या का?

हे दुपारचं. संध्याकाळी परत येताना गाडीत डोकं दुखायला लागलं, साधं नाही, प्रत्येक ठोक्याला घण बसल्याचं. चेहरा लाल, कपाळावर घाम, नाक चोंदलं, हातांवर काटा. दादाला वाटलं ऊन लागलं. वाटेतल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथे तरुण डॉक्टर होते, चांगले होते बोलायला, त्यांनी मशीन लावलं, १३०/८५. म्हणाले, "बीपी तर एकदम छान आहे." आणि मला स्ट्रेचरवर सपाट आडवं केलं, पायाखाली उशी, कारण दादाने त्यांना सांगितलेलं दुपारी चक्कर आली होती.

१३०. तुमचं असतं तर छानच. माझं रोजचं ८५ आहे, म्हणजे ४५ ने वर, आणि मणक्याची दुखापत टी-६ च्या, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या, वर असलेल्या माणसाचं बीपी त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० ने चढलं की तिथेच धोक्याची घंटा वाजायला हवी. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. खाली शरीराला काहीतरी टोचतंय, मूत्राशय तुंबलंय, पोट साफ नाही, नख मासात घुसलंय, पँटची घडी दाबतेय, ते मला जाणवत नाही पण खालच्या मणक्याला जाणवतं आणि तो आपल्या मनाने सगळ्या रक्तवाहिन्या आवळतो. मेंदू "सैल सोडा" म्हणतो, ती ऑर्डर मानेत अडते. ज्या तुटलेल्या वायरीमुळे दुपारी बीपी पडलं त्याच वायरीमुळे संध्याकाळी चढलं. वेळेत उतरवलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, फीट येऊ शकते.

आणि याचा पहिला उपचार कुठलं इंजेक्शन नाही, माणसाला ताठ बसवणं आहे. पाय खाली सोडायचे, पोटाचा पट्टा, स्टॉकिंग्ज, बेल्ट सगळं सैल करायचं, म्हणजे रक्त खाली उतरेल. ज्या बसण्याला मी रोज सकाळी घाबरतो तेच इथे औषध. दुपारी आडवं करायला हवं होतं तेव्हा पाहुण्यांनी ताठ बसवलं, संध्याकाळी बसवायला हवं होतं तेव्हा डॉक्टरांनी आडवं केलं. मी "बसवा, बसवा" ओरडत होतो, डॉक्टर म्हणत होते पेशंट अस्वस्थ आहे. शेवटी मामांनी कुणाला न विचारता मला उचलून बसवलं आणि मग नळी चाचपत गेले, ती मांडीखाली दुमडली होती, गाडीत बसवताना कधीतरी. सरळ केल्यावर पिशवीत जे भळाभळा आलं ते बघून डॉक्टर गप्प झाले. पाच-सात मिनिटांत १००, मग ८८, आणि मग त्यांना वाटलं आता बीपी लो झालं, सलाईन लावूया. दादाला हसू आवरेना.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही असं नाही, आहे थोडा. हे काही कालपरवा सापडलेलं नाही. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला लुडविग गटमन यांनी १९४४ साली मणक्याच्या दुखापतीचं युनिट सुरू केलं, मूत्राशय फुगलं की मानेजवळची दुखापत असलेल्यांचं बीपी कसं उसळतं हे त्यांनी आणि त्यांचे सहकारी व्हिटरिज यांनी १९४७ मध्ये छापलं. पॅरालिम्पिक ज्यांच्यामुळे सुरू झालं ते हेच गटमन. आणि पुढे त्याच खेळांत काही खेळाडू मुद्दाम हे घडवून आणायला लागले, लघवी तुंबवून ठेवायची, नळीला चिमटा लावायचा, बीपी वर गेलं की शर्यतीत दम टिकतो. त्याला बूस्टिंग म्हणतात, १९९४ पासून त्यावर बंदी आहे. मरणाचा धोका आहे त्यात, मी काही त्याची तरफदारी करत नाही. पण माणूस ते का करत असेल हे मला कळतं. ८५ वर जगणं म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल की अंगात जरा रक्त खेळावं यासाठी कुणी हे पण करेल.

कारण चक्कर हा त्यातला नाट्यमय भाग आहे, दिसणारा. न दिसणारा भाग असा की आकडा ७५ वर रेंगाळत असेल तर मी बेशुद्ध पडत नाही, पण वाचलेलं पान परत वाचावं लागतं, माणसाचं बोलणं अर्धं ऐकू येतं, फोन उचलावासा वाटत नाही. बरीच वर्षं लोकांनी याला उदासी म्हटलं. हिंमत धर, मन रमव, सारखं झोपून काय राहतोस. एका मोठ्या डॉक्टरांनी चक्कर येत नाही ना, मग बीपीकडे लक्ष देऊ नका असंही सांगितलं. मी लक्ष दिलं. दादाने वही केली, आडवं असताना, बसल्यावर एक मिनिटाने, तीन मिनिटांनी, दहा मिनिटांनी, जेवणाआधी, जेवणानंतर, आणि शेजारच्या रकान्यात मी त्या वेळी काय करत होतो. "पेपर वाचला", "चिडला", "गप्प". आठवड्याभरात दिसलं की "चिडला" आणि "गप्प" जवळपास सगळे ८० च्या खाली होते. वहिनी म्हणाली, म्हणजे भाऊजींचा स्वभाव वाईट नाहीये, बीपी वाईट आहे. मी म्हटलं थोडा स्वभाव पण आहे.

गोळीच्या वेळा त्या वहीवरूनच बदलल्या आमच्या रिहॅबच्या डॉक्टरांनी. असे डॉक्टर आपल्याकडे थोडे आहेत, मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे, सैनिकांसाठी पुण्यात खडकीला केंद्र आहे, आमच्या भागातले कितीतरी लोक तर सरळ वेल्लोर गाठतात. पण रात्री नळी तुंबली की हाजी अलीला जाता येत नाही, जवळच्याच कॅज्युअल्टीत जावं लागतं आणि तिथे तुमचा आकडा कुणाला माहीत नसतो.

म्हणून आता खुर्चीच्या पाठीला एक कार्ड आहे, मराठी एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या बाजूला. वर मोठ्या अक्षरात: नेहमीचं बीपी ८५/५५, हे नॉर्मल आहे, सलाईन नको. खाली: बीपी १०५ च्या वर आणि डोकेदुखी असेल तर आडवं करू नका, बसवा, पट्टे सोडा, लघवीची नळी बघा, मग पोट, मग कातडी, मग नखं. नाहीच उतरलं तर औषध, पण सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतली आहे का हे आधी विचारा, त्यावर नायट्रेट हे बीपी उतरवणारं औषध चालत नाही. ही ओळ लिहिताना दादा लाजला, मी नाही लाजलो. आणि सगळ्यात शेवटी: चक्कर आल्यास खुर्ची मागे करा, तोंडात काही घालू नका. हवं असेल तर आपापले आकडे घालून करून घ्या, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे होतं, फक्त लॅमिनेट करा, आमचं पहिलं कार्ड स्प्रेच्या पाण्याने भिजून गेलं.